माग बंद होते ती दुपार

शुद्धीवर येता येता मला पहिल्यांदा रंगाचं पाणी दिसलं. आमच्या लहानपणी ते गल्लीच्या गटारातून वाहायचं, सूत रंगवणाऱ्यांच्या घरांतून आलेलं. कधी लालभडक, कधी निळं, कधी दोन्हींचं मिळून भलतंच काहीतरी. शाळेतून येताना आज कुठला रंग असेल यावर आम्ही पोरी पैज लावायचो. त्या दिवशी पाणी हिरवं होतं. मी त्याच्या कडेकडेनं चालले होते आणि पुढं अम्मा चालली होती, खांद्यावर सुताच्या ओल्या लडी घेऊन. मी हाका मारत होते आणि ती वळून बघत नव्हती. मला असा राग आला म्हणता! स्वप्नातसुद्धा मला राग लवकर येतो, त्याला माझा इलाज नाही.

अम्मा म्हणजे माझी आई. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू माणसं, विणकरांची. माहेरी माग, सासरी माग. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मी तर जन्मभर मराठी शाळेत पोरांकडून बाराखडी घोटवून घेतली. त्यामुळं माझं असं झालंय की स्वप्नं तेलुगूत पडतात आणि भांडण मराठीत सुचतं. शुद्धीवर आले तीही भांडतच. नाकात नळी, पोटावर ही भली मोठी पट्टी, आणि शेजारच्या स्टुलावर आमचे हे, तोंड एवढंसं करून बसलेले. मोठ्या आतड्याचा एक तुकडा काढला होता. त्यात गाठ होती, पण ती वाईट निघाली नाही. ते सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले म्हणे, "चहा कुठंय?"

त्यानंतरचे दिवस म्हणजे एकच लांबलचक दुपार होती असं मला आठवतं. वैशाख होता. खिडकीला हिरवा पडदा होता आणि त्यातून आलेलं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलायचं. मी त्यात बुडायचे, वर यायचे, पुन्हा बुडायचे. कुणी सुई टोचून जायचं, कुणी पाय दाबून बघायचं. मध्येच शाळेची घंटा व्हायची आणि आपल्याला कुठल्या वर्गावर जायचंय ते मी आठवत राहायचे. कुणाला सांगू नये, पण छान होतं ते. जन्मात पहिल्यांदा मला कुणी काही काम सांगत नव्हतं.

अशीच बुडालेली असताना मला माग ऐकू आला. चांगला माग एका ठेक्यात चालतो. त्या ठेक्यात आम्ही जेवतो, झोपतो, पोरींची लग्नं ठरवतो. तो आवाज आम्हाला आवाज वाटतच नाही. पण हा माग बिघडलेला होता. दोनदा झटपट, मग गप्प, मग एकदम चार-पाच ठोके, एकमेकांच्या पायात पाय घालून पळाल्यासारखे. मी डोळे न उघडताच म्हटलं, "अहो, तो कडेचा माग बंद करा. सूत तुटलंय त्याचं."

"इथं कुठला माग गं?" हे म्हणाले.

"बहिरे आहात का? बंद करा म्हणते ना!"

यांना वाटलं औषधाच्या गुंगीत बरळतेय. पण नर्स तिथंच होती, दुधनीकडची, गोल चेहऱ्याची, बोलताना मध्येच कानडी हेल काढणारी. तिनं माझं मनगट धरलं आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं. "अगं आई गं," ती म्हणाली, "लई पळतंय की हे! आजी, घाबरू नका हं, पडून ऱ्हावा." आजी कुणाला म्हणतेस, असं मी तिला विचारणार होते, पण तेवढा दम उरला नव्हता. मग यंत्र आलं, छातीवर गार गार चकत्या चिकटल्या, कागदाची पट्टी निघाली, सलाइनमधून औषध गेलं. वॉर्डात धावपळ होती आणि मी मात्र त्या हिरव्या पाण्यात तरंगत होते. माग माझ्याच छातीत चाललाय हे कळून मला भीती नाही वाटली, नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागेवर आला आणि यांचा जीव भांड्यात पडला.

घरी सोडायच्या आधी हृदयाच्या डॉक्टर आल्या. माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्याच वयाच्या. खुर्ची ओढून नीट समोर बसल्या, हे मला आवडलं.

"मोठ्या ऑपरेशननंतर काही जणांचा ठोका असा बिघडतो," त्या म्हणाल्या. "शरीरावर ताण आलेला असतो. बहुतेकांचा आपोआप जागेवर येतो, तुमचाही आला. पण ज्यांचा एकदा बिघडलाय त्यांचा पुढं पुन्हा बिघडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. कधी कधी कळतही नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळण्याऐवजी नुसते थरथरतात, आत रक्त थबकतं, त्याची गुठळी होते. ती मेंदूकडं गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू ठेवायची, ब्लडप्रेशर सांभाळायचं आणि मला येऊन दाखवायचं."

लकवा म्हटल्यावर मला अम्माच दिसली.

अम्माला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, आणि जीभ गेली. जी बाई तीन भाषांत गल्ली दणाणून सोडायची, तिच्याकडं एकच शब्द उरला: आपु. तेलुगूत आपु म्हणजे थांबव. तहान लागली तरी आपु, नातवंडं बघून हसू आलं तरी आपु, रडतानाही आपु. आम्ही पंखा थांबवायचो, टीव्ही थांबवायचो, भरवता भरवता चमचा थांबवायचो. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच. अशी ती बरीच वर्षं जगली, माहेरच्या घरात, मागांच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत. लकवा या शब्दाला माझ्यासाठी हा असा चेहरा आहे.

पण माणूस घरी आला की शहाणपणा उंबऱ्याबाहेर ठेवतो. समोरच्या घरातल्या अक्कांनी त्याच संध्याकाळी मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मिरच्या जळाल्या आणि कुणाला ठसका म्हणून लागला नाही. "बघा, किती कडक दृष्ट होती," अक्का म्हणाल्या. "गेली आता." आणि मी, वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी बाई, मनात म्हटलं, गेली बरं का. पोटाची जखम भरत आली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुन्हा गोड लागायला लागली. काळीज गपगार. एकदाही काही नाही.

राहिली ती गोळी. तिचा मला मनस्वी संताप. भांड्याचा कोपरा लागला की दंडावर काळानिळा डाग. दात घासले की रक्त. भाजी चिरताना जरा बोट कापलं तर पदर भिजेपर्यंत थांबायचं नाव नाही. "गेलेल्या पाहुण्यासाठी रोज ताट वाढायचं का मी?" मी यांना विचारायचे. हे संध्याकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं आणून ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत हलायचे नाहीत.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवस छातीला यंत्र लावून बघू. दिवसरात्र ठोके टिपून घेणारी डबी असते, गळ्यात अडकवायची. "सगळं शांत असेल तर गोळी थांबवायचा विचार करू. मधूनमधून बिघडत असेल तर मात्र गोळी कायमची."

मी खूश! परीक्षेचा पेपर आधीच माहीत असल्यासारखी मी खूश होते.

"आणि दिवसभर रोजच्यासारखं राहायचं," डॉक्टर म्हणाल्या. "कामं करा, जिना चढा, भांडायचं असेल तर भांडा." यांनी सांगितलं असणार त्यांना, नाहीतर त्यांना काय माहीत.

डबी गळ्यात घालून, वायरी ब्लाऊजच्या आत खोचून मी रिक्षातून घरी आले. दारात उतरले आणि मला कसंतरीच झालं. काय चुकतंय ते कळेना. घर तेच, दार तेच, दारातली तुळस तीच. मग लक्षात आलं. घरामागच्या आमच्या कारखान्यातले चारही माग बंद होते. वीज तर होती, ओसरीवरचा पंखा फिरत होता.

"काय झालं हो?" मी घाबरून विचारलं.

"कुठं काय," हे म्हणाले. "कामगारांना सुट्टी दिलीय आज."

"का?"

"का म्हणजे? त्या खडखडाटात एवढ्याशा डबीला तुझं काळीज ऐकू कसं येणार?"

मी कपाळावर हात मारायला हवा होता. पण खरं सांगते, मला ते पटलं. आम्ही मागांजवळची माणसं. आमच्याकडं महत्त्वाचं काही बोलायचं तर माणसाला कोपऱ्यावर घेऊन जावं लागतं. ऐकायचं म्हटलं की माग बंद, यापुढं आमची अक्कल जात नाही. यांनी तर डाव्या-उजव्या बाजूच्या घरांतही जाऊन हात जोडले होते. आजचा दिवस सांभाळून घ्या, बायकोचं काळीज टिपायचंय. त्यांनीही बिचाऱ्यांनी माग बंद ठेवले. ते बघून पलीकडच्यांनी ठेवले. बघता बघता गल्लीचं हे टोक गप्प झालं.

आता आमच्या गल्लीत माग कधीच बंद पडत नाहीत असं नाही. लाइट गेली की पडतात. खंडेनवमीला पूजेसाठी ठेवतात. पण भरदिवसा, लाइट असताना माग बंद म्हणजे गल्लीत कुणीतरी गेलं. माणूस घरातून उठेपर्यंत मागाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळं थोड्याच वेळात समोरच्या अक्का डोक्यावर पदर घेऊन, डोळे आधीच ओले करून दारात. मी ओसरीवर शेंगा फोडत बसलेले.

"अगंबाई, तू हायस!"

"का? नसायला पाहिजे होते का?"

अक्का मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या, हसता हसता रडल्या, आणि माझ्याच सुपातल्या शेंगा खाऊन गेल्या. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघी डोकावल्या. व्यापाऱ्याचा फोन आला, टॉवेलचा माल कुठं अडकला म्हणून. हे फोनवर सांगत होते, "शेठ, आज न्हाय. आज घरात काळजाचं काम हाय." पलीकडून शेठनं बहुतेक काहीतरी भलतंच समजून घेतलं, कारण हे घाईघाईनं म्हणाले, "न्हाय न्हाय, जित्ती हाय, बरी हाय!"

जेवणं झाली आणि मी आडवी झाले. हे उंबऱ्यात बसून राहिले, कुणी आवाज करायला नको म्हणून.

त्या घरात मी नवरी होऊन आले तेव्हापासून अशी दुपार मी बघितली नव्हती. पहिल्यांदा शांतताच कानात गुणगुणली. मग एकेक आवाज वर यायला लागला. पत्र्यावर कबुतरांची नखं. मोरीत नळाचा थेंब. लांब कुठंतरी भाकरी थापल्याचा आवाज. आमच्या घरात एवढं सगळं होतं आणि मला पत्ताच नव्हता. कारखान्याच्या उघड्या दारातून उन्हाचा पट्टा आत पडला होता. त्यात कापसाची तूस सावकाश तरंगत होती, खाली येतच नव्हती. बघता बघता माझा डोळा लागला. पुन्हा ते हिरवं पाणी, पुन्हा पुढं चाललेली अम्मा. या वेळी ती थांबली होती. माझ्याकडं तोंड करून उभी होती आणि तिनं छातीवर हात ठेवला होता.

मला जाग आली ती मागाच्या आवाजानं. कुणी चालू केला मेल्यानं, म्हणून मी उठणार, तर कारखान्यात सगळं निपचित. आवाज माझ्या उशीतून येत होता. उशीला टेकलेल्या कानातून. दोनदा झटपट, मग गप्प, मग चार-पाच एकदम, पायात पाय घालून.

पाहुणा गेलाच नव्हता. तो घरातच होता, आणि रोज चालणाऱ्या मागांमध्ये मला तो कधी ऐकू आला नव्हता, इतकंच.

तेव्हा मात्र मला भीती वाटली. वॉर्डात नवल वाटलेलं तेच आता गळ्याशी आलं. हात गेला तर दुसऱ्या हातानं जेवेन, पाय गेला तर बसून राहीन. पण जीभ गेली तर? मी भांडणार कशानं? यांना हाक कशी मारणार? मी पडल्या पडल्या स्वतःशीच बडबडायला लागले. बाराखडी म्हटली, सगळ्या भावंडांची नावं घेतली, तेलुगूत, मराठीत, जीभ आहे ना जागेवर म्हणून.

आणि ते बडबडताना मला आठवलं. अम्मा छातीवर हात ठेवून उभी होती, ते स्वप्न नव्हतं. खरंच तशी ती उभी होती एकदा, माहेरच्या दारात. तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं आणि ती नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. "गुंडे दडदड," ती सगळ्यांना सांगत होती. काळीज धडधडतंय. तेव्हाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं तर नेमकं शांत. घाबरली असेल, त्यांनी सांगितलं, आणि आम्हा सगळ्यांना ते बरोबर वाटलं, अम्मालासुद्धा. पुढं ती त्याबद्दल बोललीच नाही. त्या घरात माग अहोरात्र चालायचे. लकवा झाला तो कितीतरी नंतर. या दोन गोष्टी एका सुतात ओवायचं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"अहो," मी हाक मारली. हे उठून आत आले. मी त्यांचा हात घेऊन छातीवर ठेवला, वायरींच्या मधोमध. जन्मभर मागाला हात लावून कुठं बिघडलंय ते ओळखणारा माणूस. त्यांचे डोळे भरले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, म्हणून मलाही रडू आलं. अशी आम्ही दोघं म्हातारी भरदुपारी, घरात कुणी मेलेलं नसताना, रडत बसलो. थोड्या वेळानं तो आपोआप जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी डबी परत दिली. डॉक्टरांनी आलेख बघून मान हलवली. दुपारी झोपेत बराच वेळ ठोका बिघडलेला होता, आणि पहाटे पुन्हा, ते तर मला कळलंही नव्हतं. मग यांनी मोठ्या अभिमानानं माग बंद ठेवल्याचं सांगितलं. डॉक्टर आधी बघतच राहिल्या, मग हसल्या.

"अहो काका, ते आवाज ऐकत नाही. हृदयातून वीज जाते ना, ती टिपतं. माग चालू असते तरी त्यानं एवढंच दाखवलं असतं. उलट मी रोजच्यासारखं राहा म्हटलं होतं."

यांचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. "डबीला नसेल ऐकू आलं," मी म्हटलं, "मला आलं ना! नुसता कागद दाखवला असता तर तुमच्याशी भांडून गोळी बंद केली असती मी. मला ओळखत नाही तुम्ही."

"थोडी थोडी ओळखायला लागलेय," डॉक्टर म्हणाल्या. मग मी त्यांना अम्माचं विचारलं. तिचंही हेच असेल का? "असू शकेल. पण तेव्हा ठोक्यांची पट्टी काढलेली नाही, आता खात्रीनं सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. खोटं सांत्वन केलं नाही, हेही मला आवडलं. गोळी कायमची झाली, मीठ कमी झालं, सकाळचं चालणं मागं लागलं. दुखणं मुळासकट गेलं असं नाही. पण लकव्याची वाट बऱ्यापैकी अडवता येते, त्या म्हणाल्या. बऱ्यापैकीवर मी समाधान मानलं.

त्या संध्याकाळी माग पुन्हा जोरात चालू होते, राहिलेला माल काढायचा होता. गोळीची वेळ झाली तरी हे आत आले नाहीत. मीच गोळी आणि तांब्या घेऊन कारखान्यात गेले. दारात उभी राहिले. तूस उडत होती, सूत नेणारे धोटे इकडून तिकडं धावत होते. आणि मला अम्माची खोली दिसली, मागांच्या भिंतीला लागून असलेली. आपु, आपु, म्हणत ती भिंतीकडं बघायची. आम्ही पंखा थांबवला, टीव्ही थांबवला, चमचा थांबवला. माग थांबवावेत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिला तेच म्हणायचं होतं की नाही, आता कोण सांगणार? अम्मासाठी माग थांबले ते ती गेली त्या दिवशी. रीतच तशी. सगळी गल्ली शांत होती आणि ऐकायला ती नव्हती.

"आपु," मी म्हटलं.

एवढ्या खडखडाटात यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातलं काम टाकलं आणि एकेक करून चारही माग थांबवले. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. त्या शांततेत मी गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्याले.

"हं," मी म्हटलं. "करा आता चालू."